खोडरबर मारून बघितलंस का?

माझ्या पहिल्या जाहिरातीच्या फोटोत रॅमच्या पट्टीशेजारी गॅसच्या शेगडीचा एक कोपरा आला होता. तो कापून टाकता आला असता, पण तेव्हा सुचलं नाही. आमच्या दिंडोशीच्या घरात चांगला उजेड फक्त ओट्यावर पडतो, म्हणून विकायच्या सगळ्या वस्तू मी ओट्यावर ठेवूनच टिपायचे. खाली लिहायचे, "चार जीबी, जुनी, चालू स्थितीत. एका कोपऱ्यावर ओरखडा आहे." ओरखडा फोटोत दिसतही नसे. पण न सांगता विकली आणि मागाहून कोणी विचारलं तर काय बोलायचं, या भीतीनं मी सगळं आधीच सांगून टाकायचे. त्यामुळे माझ्या वस्तू फार हळू विकल्या जायच्या.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा अंधेरीतल्या एका ऑफिसात शिपाई आहेत, आई साड्यांना फॉल-बिडिंग करते. मी बारावीत असताना बाबांच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, तेव्हा साहेबांना विचारून बाबांनी तीन डबे रिक्षात घालून घरी आणले. तीन बंद कॉम्प्युटरांमधून एक चालू कॉम्प्युटर बनवायला मला पूर्ण सुट्टी लागली. उरलेले भाग मी जुन्या वस्तूंच्या साइटवर विकले, त्या पैशांतून दुसरे जुने भाग घेतले, ते तपासून पुन्हा विकले. असं करत करत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत वर्गात मला 'रॅमवाली' म्हणायला लागले. मी चिडल्यासारखं करायचे. खरं म्हणजे मला ते आवडायचं. कुणाचा लॅपटॉप हळू झाला, कुणाची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, की "रॅमवालीला विचार" असं कोणीतरी म्हणायचं, आणि दोन बाकं सोडूनही मला ते ऐकू यायचं.

मग तो आला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, मुलुंडचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडेल की नाही माहीत नाही. त्याचे वडील एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काहीतरी मोठं काम करतात. त्याच्या घरी जेवताना प्रोसेसरवर बोलणं होतं हे त्यानं सहज सांगितलं होतं, जसं एखादा सांगतो की आमच्याकडे रविवारी मासे असतात. आमच्या घरी मी प्रोसेसरबद्दल बोलले तर बाबा मान हलवतात आणि थोड्या वेळानं विचारतात, "शॉक तर नाही ना लागणार?"

तोही जुने भाग विकायला लागला. त्याचे फोटो बाल्कनीत, पांढऱ्या चादरीवर काढलेले असायचे. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर सकाळचं ऊन. मी जी वस्तू पंधरा दिवस लावून ठेवायचे तीच तो दुपारपर्यंत विकून मोकळा. मला निरोप यायचे ते "लास्ट प्राइस बोल", "इतना क्यों, भाई". मी मुलगी आहे हे कळलं की एकदोघं विचारायचे, "घर में भाई है क्या? उससे बात कराओ." त्याला लोक 'सर' म्हणायचे. तो वीस वर्षांचा होता.

मला हे लिहायला संकोच वाटतो, पण त्या वर्षी मी रोज सकाळी उठून आधी त्याच्या जाहिराती बघायचे. माझ्या नाही, त्याच्या. त्यात काहीतरी खोटं सापडावं अशी माझी इच्छा असायची. 'नव्यासारखं' लिहिलेलं नसेल का? गॅरंटी संपलेली असून दडवली नसेल का? पण तो सगळं सरळ लिहायचा. कार्ड जुनं आहे, इतकं वापरलंय, तीन दिवस चेकिंग, पटलं नाही तर परत आणा. मी जे भीतीनं लिहायचे तेच तो कसलीही भीती नसताना लिहायचा, आणि त्याचं ते वाचून लोकांचा विश्वास बसायचा. तो लबाड निघाला असता तर माझं बरं झालं असतं.

वाईट म्हणजे तो माझ्याशी चांगला वागायचा. काही अडलं की माझ्याकडे यायचा. "यार, तू जरा बघ ना, तुझा कान चांगला आहे." पंख्याच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का हे मला कळतं, हे त्यानं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. आणि एक गोष्ट मी त्याच्याकडून शिकले होते. कुठलंही कार्ड किंवा रॅम चालत नसेल तर पहिल्यांदा तिची सोनेरी पट्टी, म्हणजे जो भाग खाचेत बसतो तो, साध्या खोडरबरानं घासायचा. पट्टीवर मळ बसला की वीज नीट जात नाही, आणि वस्तू मेलीय असं वाटतं. त्याच्या दप्तरात कायम एक पांढरा खोडरबर असायचा. कोणी कसलीही तक्रार घेऊन आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "खोडरबर मारून बघितलंस का?" वर्गात त्याची नक्कल करायचे. कुणाचं प्रेम तुटलं तरी म्हणायचे, खोडरबर मारून बघ.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याला घाटकोपरमधला एक गाळा सापडला. एका माणसानं तिथे क्रिप्टो नाण्यांचं मायनिंग चालवलं होतं. म्हणजे ग्राफिक्स कार्डं रांगेत लावून ठेवायची, ती दिवसरात्र आकडेमोड करत राहतात, आणि त्याबदल्यात मालकाला ती आभासी नाणी मिळतात. आता त्याला ते परवडेनासं झालं होतं, विजेचं बिलही निघत नव्हतं, म्हणून सगळी कार्डं एकत्र विकायची होती.

"तू चल ना," तो मला म्हणाला. "मी बोलीन, तू ऐक."

मला ग्राफिक्स कार्ड हवंच होतं. माझा प्रोजेक्ट फोटोवरून मासळी ओळखण्याचा होता. बाजारात फिरून आणि एकदा मनोरीला जाऊन मी पापलेट, हलवा, सुरमई, मांदेलीचे शेकड्यांनी फोटो काढले होते. पण माझ्या भंगारातल्या कॉम्प्युटरला कार्डाशिवाय ते शिकवायचं म्हणजे आठवडे लागले असते.

गाळ्यात भांड्याच्या दुकानातल्यासारखे स्टीलचे रॅक होते आणि त्यांवर कार्डं उभी टांगलेली. मालक गुजराती बोलत होता. माझा मित्र त्याच्याशी अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत हसत होता, त्यानं दिलेलं ताक पीत होता, आणि मी प्रत्येक कार्ड सुरू करून कान लावत होते. दोन कार्डांचे पंखे लंगडत होते. एकाच्या मागच्या बाजूनं तेलकट ओघळ आला होता. ती मी बाजूला काढली. उरलेली बारा चांगली होती.

"बारा घेतो," तो म्हणाला. वडिलांना फोन केला, दोन मिनिटं बोलला, झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तूही घे ना चार-पाच. मस्त भाव आहे."

भाजीच्या जुड्या असाव्यात तसं. मी म्हटलं, "नको, माझ्याकडे ठेवायला जागा नाही." जागा नाही हे खरंच होतं, पण नकाराचं ते कारण नव्हतं. त्यालाही बहुतेक कळलं असावं, कारण तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग एक तरी घे. मला पडलं त्याच भावात. तूच निवड, तूच तर तपासलीयेत सगळी."

मी निवडलं. बारांमधलं सगळ्यात शांत कार्ड होतं ते. त्यानं ते मुलुंडला नेऊन मशीनला लावून दाखवलं, तीन दिवस चेकिंग असं इतर गिऱ्हाइकांना सांगतो तसं मलाही सांगितलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घालून दिलं. गोरेगावपर्यंत मी ते मांडीवर घेऊन आले. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र घरी येईपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत होते, की त्याची अकरा आहेत आणि माझं एक, आणि तेही त्यानं दिलेलं.

त्या कार्डाला माझ्या मशीनचा पॉवर सप्लाय पुरणार नव्हता. बोरिवलीला एक जण त्याचा जुना विकत होता, तो आणायला मी दुसऱ्या दिवशी गेले. ती खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. आजोबा गिरणीत होते तेव्हा ते मागाच्या धोट्याला कुंकू लावायचे. गिरणी गेली, पण रीत राहिली. मी परत आले तेव्हा आईच्या शिलाई मशीनला, मिक्सरला, इस्त्रीला, बाबांच्या स्क्रू-ड्रायव्हरला आणि माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलेलं होतं. मी धावत जाऊन आधी कार्डाचं खोकं उघडलं. कार्डावर कुठेच टिळा नव्हता. मला हायसं वाटलं.

दसऱ्याचं जेवण झाल्यावर मी कार्ड बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी.

काढून परत बसवलं. काळी. कार्ड काढून टाकलं की पहिल्यासारखं चित्र यायचं, कार्ड लावलं की काळी. म्हणजे दोष कार्डातच.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला नीट आठवतं, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं. प्रोजेक्टची काळजी नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं ते बरं वाटलं. पोटात काहीतरी सैल झालं. शेवटी एकदाची त्याची वस्तू खोटी निघाली.

मी त्याला कळवलं. त्याचा फोन लगेच आला.

"खोडरबर मारून बघितलंस का?"

मी नव्हता मारला. पट्टी इतकी लख्ख दिसत होती की घासण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. ब्रशनं धूळ तेवढी झटकली होती. पण त्याचा तो ठरलेला प्रश्न ऐकून माझ्या डोक्यात सणक गेली. मी काय पहिल्या वर्षाची पोरगी आहे?

"हो, मारला," मी म्हणाले. "सगळं करून बघितलं."

तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे गेलंच ते. सॉरी यार. शनिवारी येतो तुझ्याकडे, दुसरं घेऊन. हे मी परत नेतो."

भांडला असता तर मी भांडले असते. माझी सगळी वाक्यं तयार होती. ती वाक्यं वाया जाऊ नयेत म्हणून की काय, मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं. ज्युनियर मुलंही त्या ग्रुपवर आहेत आणि त्याची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. मी लिहिलं, "मायनिंगची कार्डं घेताना नीट विचार करा. मला मिळालेलं कार्ड दोन दिवसांत बंद पडलं. पूर्ण तपासून सांगतेय." त्याचं नाव लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती, कॉलेजात ती कार्डं विकणारा तो एकटाच होता.

खाली पटापट उत्तरं आली. "वाट लागली." "रॅमवाली बोलली म्हणजे पक्कं." एका ज्युनियरनं लिहिलं, "माझं बुकिंग कॅन्सल कर भावा." दुसऱ्यानंही. मी 'रॅमवाली बोलली म्हणजे पक्कं' हे वाक्य किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यानं स्वतः ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

शनिवारी तो अकराला येणार होता. दहाला मी कार्ड गुंडाळायला घेतलं, आणि मनात आलं, घरी नेऊन तो नक्की बघणार. पट्टीवर घासल्याची एकही खूण नाही हे त्याला दिसेल का? दिसलं तर? तेव्हा खोटं बोलले होते ते निदान आता खरं करून ठेवू, या हिशेबानं मी कंपासपेटीतला खोडरबर काढला आणि पट्टीवरून फिरवला.

रबराचा भुगा गुलाबी पडला.

मी पुन्हा घासलं. पांढऱ्या रबराचा कोपरा लालसर झाला होता आणि बोटांना तेलकट लागत होतं. मी ते नाकाशी नेलं. खोबरेल.

"आई," मी म्हटलं, "ह्याला हात लावला होतास?"

आई मशीनवर बसली होती. मुंबईत तीस वर्षं झाली तरी घरात ती मालवणीच बोलते. पाय न थांबवता म्हणाली, "अगो, खंडेनवमीक. सगळ्यांका कुंकू लावलंय, त्याका एकट्याकच ठेवू? त्याचा काय पाप?"

"पण कुठे लावलंस?"

"त्या सोन्याच्या पट्टीक. तीच तर देखणी दिसा होती." मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाली, "मगे पुसून पण ठेवलंय. तुका डाग आवडत नाय, माका म्हायत आसा. कुंकू पाण्यान जाता काय? खोबरेलान पुसलंय. लख्ख केलंय."

लख्ख केलं होतं खरं. म्हणून तर मी फसले. मी पट्टी दोन्ही बाजूंनी घासली, खाच कापसानं पुसली, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. चित्र आलं. बाजारातल्या पापलेटांचा फोटो मी पडद्यावर लावून ठेवला होता, तो तसाच्या तसा समोर आला, माझ्या सगळ्या स्क्रीनभर.

आईनं मशीन थांबवलं. "बंद होता काय ता? माझ्यामुळे?"

मी घड्याळाकडे बघितलं. अकराला पंचेचाळीस मिनिटं होती. मला अजूनही वाटतं की तेवढ्या वेळात मी एक वाईट माणूस होऊन बघितलं. कार्ड काढून, गुंडाळून, त्याच्या हातात द्यायचं, दुसरं घ्यायचं. घरी नेल्यावर ते चाललं तर तो म्हणेल, प्रवासात हललं असेल. कोणालाच काही कळणार नाही. ग्रुपवरचं खरं राहील, माझं नाव राहील. आणि आईचंही. कारण खरं सांगायचं तर ग्राफिक्स कार्डाला कुंकू लावणारी आई सगळ्या कॉलेजला सांगावी लागणार. खोडरबराची नक्कल करणारी पोरं. ती माझ्या आईचं काय करतील? ज्याचे वडील जेवताना प्रोसेसरवर बोलतात, त्याला मी हे कसं सांगू?

मी कार्ड काढायला हात घातला. मग काढलं नाही. मोठ्या विचारानं वगैरे नाही, आई बघत होती म्हणून.

तो आला. हातात खोकं, शर्ट घामानं भिजलेला. आईनं त्याला पाणी दिलं, "बस रे बाबा" म्हणून स्टूल दिलं. त्यानं खोकं उघडलं. आतमध्ये त्या बारांतलं नव्हतं, त्याचं स्वतःचं, घरच्या मशीनमधलं कार्ड होतं. माझ्याकडच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"हे राहू दे तुला प्रोजेक्टपर्यंत," तो म्हणाला. "त्या लॉटमधलं मी आता कोणालाच देत नाहीये. तू म्हणालीस ना, रबर मारूनही येत नाही, तेव्हापासून सगळी परत लावून बघतोय. तीन दिवस झाले. मला तर सगळी चांगली दिसतायत यार, पण माझा कान तुझ्यासारखा नाही. दोघं जण आले होते घ्यायला, मीच नाही म्हटलं."

माझ्या शब्दावर त्यानं स्वतःच्या तपासणीवरचा विश्वास काढून घेतला होता. इतका वेळ मला वाटत होतं की सगळं त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे काही नाही. आणि हे सगळं चालू असताना तो मला त्याच्यापेक्षा वरचं समजत होता. मला त्याचाही राग आला. असं सहज, खुल्या मनानं दुसऱ्याला मोठं म्हणायला त्याला जमतं कसं?

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"अगं, चालतंय की!" तो हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "कसं काय?"

"खोडरबर मारला."

"पण तू तर आधीच..."

"नव्हता मारला. खोटं बोलले."

"का?"

मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं खरंच विचारलं, एखाद्या वस्तूत बिघाड कुठे आहे हे विचारावं तसं. मी म्हटलं, "तुझं काहीतरी बिघडावं असं मला वाटत होतं. खूप दिवसांपासून." एवढंच बोलता आलं. आईसमोर, मराठीत, ते फार उघडं वाटलं.

आईला आमचं सगळं कळलं नसावं, पण पोरगी कशात तरी अडकलीय एवढं तिला दिसलं. ती पुढे आली आणि तिच्या पाहुण्यांसाठीच्या मराठीत म्हणाली, "तिची नाही रे चूक. मी त्याला कुंकू लावलं. खंडेनवमीला. सोन्याची पट्टी बघून लावलं, आणि खोबरेलानं पुसलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. आवरायला बघत होता, पण आवरेना. "काकू, खोबरेल? कार्डाला खोबरेल?" आई आधी गोंधळली, मग तीही हसली, तोंडावर पदर धरून. "तुमच्या घरी नाय करत काय रे पूजा?" तिनं विचारलं.

"नाही हो. एवढी मशीनं आहेत, कोणी फूलसुद्धा नाही वाहिलं कधी."

"अरे देवा. म्हणून बिघडतात!"

दोघं हसत होते आणि मी मध्ये उभी होते. माझी आई त्याच्याशी जितकं सहज बोलत होती तितकं मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. कुंकवाची गोष्ट तिच्यासाठी लाज नव्हती, गंमत होती. लाज माझ्या एकटीची होती, आणि मी ती आईच्या नावावर ठेवायला निघाले होते.

चहा घेताना तो म्हणाला, "ग्रुपवर काहीतरी लिहावं लागेल. धूळ होती असं लिही. काकूंचं नको लिहू, ती येडी पोरं आहेत."

त्यानं मला वाट करून दिली. चांगली, सोपी वाट. मी मोबाईल घेतला आणि 'धूळ' असं लिहिलंही. पण ते पुन्हा एक खोटं झालं असतं, आणि यावेळी त्यानं मला दिलेलं. त्याच्याकडून घेतलेलं आणखी एक. मी ते पुसलं आणि लिहिलं, "कार्ड चांगलं आहे. सोनेरी पट्टी साफ न करताच मी ते बंद आहे असं सांगितलं. सगळं तपासलं असंही खोटं लिहिलं. चूक पूर्ण माझी." आईचं काही लिहिलं नाही. पट्टी कशानं मळली हे सांगायचं कोणी विचारलं नव्हतं. खोटं मात्र मी कोणी न विचारता ग्रुपवर लिहिलं होतं, तेव्हा ते न विचारताच परत घ्यायचं होतं.

त्यानं वाचलं. "एवढं कशाला?" म्हणाला. पण पुसायला सांगितलं नाही.

उत्तरं आली. "रॅमवाली आउट!" असं एकानं लिहिलं. एकानं खोडरबराचं चित्र टाकलं. ज्या दोघांनी कार्ड नाकारलं होतं त्यातला एक परत आला, दुसरा कुठून तरी नवीन घेऊन मोकळा झाला होता. काही दिवस वर्गात मला कोणी काही विचारायला आलं नाही. माझ्या बाकाभोवतीच्या त्या शांततेतून मला काय ते कळलं.

पंधरा दिवसांनी त्यानं मला मुलुंडला बोलावलं. उरलेली कार्डं विकायच्या आधी तू तपासून दे, म्हणाला, मी सांगितलंय लोकांना की तू तपासणार आहेस. मी विचारलं, "आता माझं कोण ऐकणार?" तो म्हणाला, "ज्यानं स्वतःहून खोटं कबूल केलं त्याचंच ऐकतात यार." मला हे पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण मी गेले.

त्याच्या खोलीत एसी होता. टेबल इतकं मोठं की दोन मशीनं उघडी ठेवूनही चहाला जागा उरेल. भिंतीला वडिलांनी करून दिलेला हत्यारांचा फळा, प्रत्येक हत्याराच्या जागी त्याच्या आकाराची रेघ. त्याचे वडील डोकावून म्हणाले, "ही का ती, कानावरून पंखा ओळखणारी?" आणि गेले. मी मान खाली घालून पहिलं कार्ड उचललं. जळजळ तशीच होती. ती कुठे गेली नव्हती, कबुलीनं वगैरे धुतली गेली नव्हती.

सात कार्डं नीट चालली. आठवं लावलं आणि स्क्रीन काळी. तो शेजारी उभा होता. माझ्या पोटात तेच काहीतरी सैल झालं, अगदी तसंच. निदान एक तरी.

मी खोडरबर घेतला, पट्टी दोन्ही बाजूंनी घासली, परत बसवलं. चित्र आलं.

मला थोडं वाईट वाटलं. मी कागदावर त्याच्या क्रमांकापुढे 'चालू' असं लिहिलं आणि नववं उचललं.